सात, आठ, नऊ

एरवी या पानावर मला दीड रकाना मिळतो आणि तो भरता भरता माझी दमछाक होते. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी ऐसपैस जागा दिली आणि वर प्रेमळ तंबीही दिली, "यंदा भाजीवाली आणि लोकलची गर्दी नको. कुठे तरी लांबचं लिहा." लांबचे म्हणजे माझ्यापाशी एकच आहे. माझा थोरला भाऊ गेली वीस वर्षे मँचेस्टरला असतो. त्याच्या आग्रहाने गेल्या मे महिन्यात मी, आमच्या सौ. आणि आमची पंधरा वर्षांची कन्या असे तिघे तीन आठवड्यांसाठी तिकडे जाऊन आलो. त्या तीन आठवड्यांतला एक शनिवार मनातून जात नाही. तोच इथे लिहून टाकतो.

दादाला मी किल्ले पाहण्याचा शौकीन म्हणून ठाऊक. कॉलेजच्या मुलांना घेऊन मी सिंधुदुर्गापासून वसईपर्यंत बरीच पायपीट केलेली आहे. तेव्हा तो म्हणाला, "चल, तुला समुद्रकाठचा एक असा कोट दाखवतो की वसई विसरशील." वसई मी विसरलो नाही हा भाग निराळा. पण मोटारीत बसून दीड-दोन तासांत आम्ही इंग्लंड सोडून वेल्समध्ये शिरलो आणि उत्तर किनाऱ्याने कॉन्वी नावाच्या गावी येऊन पोचलो.

वेल्समध्ये शिरल्याचे कळते ते रस्त्यावरून. डांबरावर पांढऱ्या अक्षरांत 'हळू' असे दोन भाषांत लिहिलेले असते. इंग्रजी शब्द आपल्या ओळखीचा, आणि त्याच्या जोडीला वेल्श शब्द 'आरव्ह'. मँचेस्टरपासून मोटारीत गप्प बसलेला मी त्या शब्दापाशी एकदम सावरून बसलो. मराठीच्या मास्तराला रस्त्यावर व्याकरण सांडलेले दिसले की दुसरे काही दिसत नाही. पुढे स्टेशन, शाळा, बाहेर जाण्याचा मार्ग, गाडी उभी करण्याचे दर, सगळे दोन-दोनदा. माझा बारा वर्षांचा पुतण्या म्हणाला, "काका, इथं सगळ्यांना इंग्लिश येतं. मग दोनदा कशाला लिहितात?" हे तो इंग्रजीत म्हणाला. मराठी त्याला समजते, पण तोंडून इंग्रजीच येते. मी म्हटले, "बघू, किल्ल्यावर कोणी सांगेल."

आणि मग नदीच्या मुखाशी तो किल्ला दिसला. करड्या दगडाचे आठ गोल बुरुज, प्रत्येक सुमारे ७० फूट उंच, एका लांबट खडकावर एकमेकांना खेटून उभे. एका अंगाला नदी आणि भरती-ओहोटीचा चिखल, दुसऱ्या अंगाला गाव, आणि त्या गावाभोवती किल्ल्यापासून निघून किल्ल्यालाच येऊन मिळणारा अखंड तट. हा तट पाऊण मैलाहून थोडा अधिक लांब आहे. त्याला २१ बुरुज आणि तीन मोठे दरवाजे आहेत आणि बऱ्याचशा भागावरून आजही चालत जाता येते. १९८६ सालापासून कॉन्वीचे नाव जवळच्या कार्नार्व्हन, बोमॅरिस आणि हार्लेख या किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी आधी वेल्शमध्ये आणि मग इंग्रजीत स्वागत केले. या वास्तूंची देखभाल करणाऱ्या सरकारी खात्याचे नाव आहे 'कादू'. त्याचा अर्थ नुसता 'जतन करणे'. खात्याला इतके सुटसुटीत नाव मी दुसरीकडे पाहिले नाही. आपल्याकडे अशा खात्याच्या नावाची पाटीच किल्ल्यापेक्षा लांब झाली असती.

आत शिरल्यावर मी सवयीप्रमाणे व्याख्यान सुरू केले. हा किल्ला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ ते १२८७ अशा अवघ्या चार वर्षांत उभा केला. सॅव्हॉय प्रांतातून आणलेला मास्टर जेम्स हा त्याचा मुख्य स्थपती. खर्च त्या काळचे सुमारे १५ हजार पौंड. बाहेरच्या चौकातली विहीर ९१ फूट खोल, खडकात खोदलेली. आतला चौक खास राजाराणीचा, त्याच्या चारी बुरुजांवर आणखी एकेक छोटी मनोऱ्यासारखी बुरुजी. दिवाणखान्याचे छप्पर गेले आहे. ते पेलणाऱ्या दगडी कमानींपैकी एकच कमान आता आकाश पेलीत उभी आहे. त्या काळी सगळा किल्ला बाहेरून चुन्याने पांढराशुभ्र रंगवलेला होता, त्याचे अंश अजून कुठे कुठे दिसतात. निळ्या पाण्यावर पांढरा किल्ला! समुद्रातून येणाऱ्याची छाती दडपावी हाच हेतू असणार.

माझे चाललेले असताना पुतण्याने वर बोट दाखवले. बुरुजावर वेल्सचा झेंडा फडकत होता, पांढऱ्या-हिरव्यावर तांबडा ड्रॅगन. "काका, किल्ला इंग्लंडच्या राजाचा ना? मग वर झेंडा वेल्सचा का?"

प्रश्न सरळ होता आणि त्याने माझे व्याख्यान थांबवले. आपण मराठी माणसे किल्ल्यावर जातो ती एका विशिष्ट मनाने जातो. पायथ्याशीच छाती फुगते. किल्ला म्हणजे आपला, आपल्या पूर्वजांनी लढवलेला, असे आपण धरूनच चालतो. इथे सगळे उलटे होते. हा किल्ला इथल्या माणसांच्या रक्षणासाठी नव्हताच, तो त्यांच्यावर पहारा ठेवण्यासाठी होता. ग्विनेड या वेल्श राज्याचा शेवटचा मोठा राजा लेवेलिन १२८२ च्या डिसेंबरात मारला गेला, त्याच्या भावाला पुढच्या वर्षी हाल करून ठार केले, आणि मग एडवर्डने हा किनारा किल्ल्यांनी बांधून काढला. कॉन्वीची जागाही मुद्दाम निवडलेली. इथे सिस्टर्शियन साधूंचा मठ होता आणि त्या मठात वेल्श लोकांचा थोर राजा लेवेलिन द ग्रेट याची समाधी होती. एडवर्डने मठच उचलून सात-आठ मैल आत नदीकाठी नेला, मठाच्या देवळाचे गावचे चर्च केले आणि समाधीच्या भूमीवर आपले शहर बसवले. तटाच्या आत इंग्रज कुटुंबे आणून वसवली. वेल्श माणसाला आत जमीनजुमला घ्यायची मनाई. वसईच्या कोटात शिरताना कधी तरी माझ्या मनात येऊन गेले होते की पोर्तुगीज आत आणि गावकरी बाहेर असे हे दगड किती वर्षे उभे होते. पण १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, त्यामुळे तो विचार फार वेळ टिकत नाही. इथे मात्र टिकतो.

तट बांधणाऱ्यांनी आतल्यांचाही पुरता भरवसा धरलेला दिसत नाही. तटाचे बुरुज गावाच्या बाजूने उघडे आहेत आणि दोन बाजूंच्या भिंतींना जोडणारे लाकडी साकव तिथे होते. एक टप्पा शत्रूच्या हाती गेला की साकव काढून घ्यायचे, म्हणजे तो तेवढ्या तुकड्यावरच अडकला. आणखी एक गोष्ट आमच्या सौ.नी शोधून काढली. तटाच्या दक्षिण अंगाला माथ्यावर ओळीने बारा शौचकूप आहेत, एका मापाचे, बाहेर काढलेले. शेजारी राजाचे कारकुनी दप्तर होते, त्या नोकरवर्गाची ही सोय. सौ. म्हणाल्या, "सातशे वर्षांपूर्वी बारा! आणि तुमच्या कॉलेजात प्राध्यापिकांसाठी किती आहेत, विचारा स्वतःला." मी विषय बदलला.

वेल्श लोकांनी हा किल्ला सहज सोसला असे मात्र नाही. १२९४ मध्ये उठाव झाला तेव्हा खुद्द एडवर्ड इथे कोंडला गेला. नदीला पूर आलेला, रसद तुटलेली, ऐन नाताळात. आणि १४०१ सालच्या गुड फ्रायडेची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी आहे. ओवेन ग्लिंडूरच्या बंडाचे दिवस. किल्ल्यातली शिबंदी प्रार्थनेला चर्चमध्ये गेलेली, दरवाजावर दोन पहारेकरी. सुतारकामाला आलो आहोत अशी बतावणी करून माणूस आत शिरला, पहारेकऱ्यांना मारले, आणि रीस व ग्विलिम हे ट्यूडर घराण्यातले दोघे भाऊ चाळीसेक माणसांनिशी किल्ल्याचे धनी झाले. तीनएक महिने त्यांनी किल्ला धरला. शेवट मात्र गोड नाही. स्वतःला माफी मिळावी म्हणून त्यांनी आपलेच नऊ साथीदार बांधून शत्रूच्या हवाली केले. इथे आमच्या कन्येने "शी!" म्हटले ते मला फार आवडले. याच भावांच्या तिसऱ्या भावाच्या वंशात पुढे सातवा हेन्री झाला आणि १४८५ साली इंग्लंडच्या गादीवर वेल्श रक्ताचा राजा बसला. झाले काय, तर त्याचा मुलगा आठवा हेन्री याच्याच कारकिर्दीत १५३६ च्या कायद्याने वेल्सच्या कोर्टकचेऱ्यांतून वेल्श भाषा हद्दपार झाली. घरचा माणूस गादीवर बसला म्हणजे घरची भाषा गादीवर बसते असे नाही.

असो. इतिहास फार झाला. बाकीची मंडळी खाली बाकावर डबे सोडून बसली आणि मी एकटाच एका बुरुजाच्या चक्री जिन्यात शिरलो. अरुंद, काळोखा, दगडाची पावटी मधोमध झिजलेली. दोरखंड धरून चढत होतो. वरच्या वळणावर, मला न दिसणारे कोणी तरी दोघे चढत होते. एक म्हातारा आवाज आणि एक चिमणा आवाज. ती दोघे पायऱ्या मोजीत होती. भाषा मला अनोळखी. तेवढ्यात कानावर आले: साइथ, उइथ, नाउ...

मी जागच्या जागी थांबलो. सात, आठ, नऊ!

पुढचे 'देग' ऐकले आणि उरलासुरला संशय गेला. हा आपलाच 'दश'. दहापाशी मोजणी संपली की ती पोर पुन्हा एकपासून सुरू करी. मी कान देऊन ऐकत होतो. ईन, दाय, त्री. पाचाला 'पिम्प', म्हणजे आपला 'पंच' नाही तर कोण? पुस्तकात हे मी वाचलेले होते, वर्गात शिकवलेही होते, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन, केल्टिक सगळ्या एका मुळाच्या शाखा. ज्या सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात हे नाते जगापुढे मांडले, त्याचे वडील इथून जवळच्या अँगलसी बेटावर जन्मलेले. पण फळ्यावर नाते मांडणे वेगळे आणि परमुलुखात काळोख्या जिन्यात लांबच्या आत्याने हाक मारावी तसे ते कानावर येणे वेगळे.

वर पोचलो तेव्हा म्हातारबुवा कठड्याला टेकून धापा टाकीत होते आणि पाचेक वर्षांची नात खाली नदीतल्या बोटींकडे बघत होती. मी नमस्कार करून माझे अंक म्हणून दाखवले. सात, आठ, नऊ. म्हातारबुवांनी ते पुन्हा म्हणायला लावले. मग नातीला ऐकवले. ती हसली. बहुधा माझा उच्चार तिला एखाद्या गावठी वेल्शसारखा वाटला असावा. पुढे अर्धा तास आम्ही दोघे अंकांवरच बोलत होतो. जुन्या वेल्श रीतीत अठराला 'दोन नव' म्हणतात आणि चाळिसाला 'दोन विसा'. मी सांगितले, आमच्या खेड्यांतही आजीबाई 'दोन विसा' मोजतात, आणि आमचा एकोणीस म्हणजे 'विसाला एक कमी'. त्यांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. 'वेल्श' या नावाबद्दलही त्यांनीच सांगितले. हा इंग्रजांचा शब्द, अर्थ 'परका'. ते स्वतःला म्हणवतात 'कम्री', एका मुलुखाचे सोबती. राहत्या घरात ज्यांना परके नाव पडले अशी ही माणसे.

मग माझ्या पुतण्याचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला. सगळ्यांना इंग्रजी येते, तर दोनदा कशाला लिहायचे? म्हातारबुवा थोडे गप्प झाले.

"माझे आईवडील एकमेकांशी वेल्श बोलत," ते म्हणाले, "आणि माझ्याशी इंग्रजी. माझ्या भल्यासाठी. मी ऐकून ऐकून थोडी समजायला लागलो, पण माझ्या मुलीशी तेवढीही बोललो नाही. तिनं मात्र आपल्या मुलीला वेल्श शाळेत घातलं. आता ही पोर मला काय सांगते ते कळावं म्हणून मी साठीनंतर संध्याकाळच्या वर्गाला जातो. मघाशी मी तिला पायऱ्या शिकवत नव्हतो. ती मला शिकवत होती."

खाली गावाच्या चौकात लेवेलिन द ग्रेटचा पुतळा दिसत होता. एडवर्डच्या तटाच्या आत. तो १८९८ साली तिथे उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो आणि हिशेब मांडत होतो. आठ बुरुज, २१ बुरुजांचा तट, व्यापार-उदीम आणि जमिनीवरची बंधने, कोर्टकचेऱ्यांतली बंदी, एवढे सगळे होऊनही १९०१ च्या शिरगणतीत वेल्समधले जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत होते. सहाशे वर्षांत किल्ल्यांना जमले नाही. १५८८ साली याच कॉन्वीच्या खोऱ्यातल्या विल्यम मॉर्गन या पाद्र्याने सबंध बायबल वेल्शमध्ये आणले आणि देवळात ती भाषा तगून राहिली. आणि २०२१ च्या शिरगणतीत बोलणारे उरले शंभरात अठरांहून थोडे कमी, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. या सवाशे वर्षांत कोणी किल्ला बांधला नाही. शाळा होती, आगगाडी होती, कारखान्यातली नोकरी होती, आणि मुलाचे भले चिंतणारे आईबाप होते. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांतून वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरे पोर सापडले की तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. आणि बऱ्याच पालकांची याला हरकत नसे. पोर इंग्रजी शिकले तर चार पैसे मिळवील.

परत फिरण्याचे कामही शाळेतूनच सुरू झाले हे मला त्यांच्याकडून कळले. १९३९ साली अॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली, तेव्हा तिच्यात मुले होती सात. पुढे १९६२ मध्ये सॉन्डर्स लुइस या नाटककाराने नभोवाणीवर भाषेच्या भवितव्याविषयी भाषण केले आणि तरुण पोरे उठली. इंग्रजी पाट्यांना रंग फासला, तुरुंगात गेली. मी मघाशी रस्त्यावर ज्याला व्याकरण सांडले म्हणालो तो 'आरव्ह' शब्द असा तुरुंगातून आलेला आहे.

म्हातारबुवांनी साहजिकच विचारले, "तुम्ही काय करता?" मी सांगितले, कॉलेजात माझी भाषा शिकवतो. "वा! म्हणजे तुमच्या घरी प्रश्नच नाही."

वाचकहो, मी 'हो' म्हटले. परदेशात, समुद्राच्या वाऱ्यावर, अनोळखी माणसाला कोण खरे सांगतो? आमची कन्या बालवर्गापासून इंग्रजी शाळेत आहे. तेव्हा आम्ही पतिपत्नींनी दोन महिने चर्चा केली होती. मी शाळेतल्या मराठीच्या तासाचा हवाला दिला होता, घरी तर मराठीच आहे असे म्हटले होते. आणि शेवटी मीच अर्जावर सही केली होती. कारण तेच. तिच्या भल्यासाठी. माझ्या गळ्यात कोणी लाकूड अडकवले नव्हते. आजही तो निर्णय चुकला असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि बरोबर होता असेही म्हणता येत नाही. ती हुशार आहे, चुणचुणीत आहे, आणि माझे हे पान वाचायला तिला सौ.च्या वाट्याचा चौपट वेळ लागतो.

दुपारी बंदरावर उतरलो. तिथे ब्रिटनमधले सर्वांत लहान घर आहे. रुंदी सहा फूट, उंची दहा. १९०० सालापर्यंत त्यात सहा फूट तीन इंचांचा एक कोळी राहत असे. लोक तिकीट काढून आश्चर्य करीत होते. गिरगावात वाढलेल्या आमच्या सौ.नी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "एकट्याला एवढी जागा?" किल्ल्याला लागून टेलफर्डचा १८२६ चा झुलता पूल आणि स्टीफनसनचा १८४८ चा रेल्वेचा नळीचा पूल आहे. दोन्ही पुलांना किल्ल्यासारखे बुरुज करून दिले आहेत. नवे येताना जुन्याचा वेष घालून आले. रेल्वे थेट तटाखालून जाते.

निघण्यापूर्वी मुलांना पुन्हा एकदा वर जायचे होते. मी पुतण्याला सात-आठ-नऊची गंमत सांगितली होती. त्याला ती इतकी आवडली की उतरताना त्याने आपणहून मराठीत मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत गडी पक्का. पुढे आमच्या कन्येने सूत्रे घेतली. ती पुढे म्हणे, तो मागे म्हणे. अकरा, बारा, तेरा. सौ. सर्वांत पुढे, मी सर्वांत मागे. एकोणतिसाला ती जरा अडखळली, मग सावरली. एकोणचाळीस तिने पटकन उडी मारून ओलांडला. एकोणपन्नासला मी श्वास धरला, पण तो निघाला. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. आणि पाय पुढच्या पायरीवर, शब्द नाही.

"बाबा," काळोखातून आवाज आला, "फिफ्टी-नाइन म्हणजे? एकोणसत्तर?"

मी तोंड उघडण्याआधीच जिन्याच्या खालच्या वळणावरून सौ.चा आवाज घुमला, "एकोणसाठ! आणि बघून पाय टाका, दगड ओला आहे."